आधी नक्कल, मग दुरुस्ती: १९६४च्या एका प्रिसिजन बेसची हकिकत

जुनी बेस गिटार हातात आली की पहिली उबळ येते ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिला उघडायची आणि बिघडलेलं दिसेल ते बदलून टाकायची. ती उबळ आवरावी, गिटार तशीच कोपऱ्यात उभी ठेवावी आणि तिच्या मापाची दुसरी आधी बनवावी, असं माझं आता पक्कं मत झालंय. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक भाग असाच का, याचं उत्तर शोधावंच लागतं. दुरुस्ती करणाऱ्याला ते टाळता येतं, आणि जुन्या वाद्यांची बरीचशी वाट त्या टाळाटाळीनेच लागलेली असते.

माझ्याकडे आलेली गिटार फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस, १९६४ सालची. मालक माहीमला राहणारे, मूळचे गोव्यातल्या साष्टीचे. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणतो. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये होते, नंतर सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायला लागले. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे हे जाणकारांना ठाऊक असतं, पण त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत बोलावणं येणारे गोव्याचे वादक कितीतरी होते आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच तबकडीवर छापली गेली नाहीत. अंकल त्यांतले. गिटार आणली त्यांच्या मेव्हण्याने, तो जहाजावर नोकरीला होता. परदेशी वाद्य दुकानात जाऊन विकत घेणं हा प्रकार तेव्हा आपल्याकडे जवळपास नव्हताच. जहाजावरचा नातेवाईक हेच दुकान.

गिटार माझ्या हवाली करताना त्यांनी एकच अट घातली. "गंजबिंज काय ते तू बघ रे. पण माझा आवाज मला परत दे. दुसऱ्या कुणाचा देऊ नको."

या बेसचं थोडं कूळ सांगायला हवं. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. तोवर बेस म्हणजे माणसाएवढा उंच डबल बेस, टॅक्सीत न मावणारा आणि बँडच्या गोंगाटात ऐकूही न येणारा. गिटारसारखी आडवी धरायची इलेक्ट्रिक बेस सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३०च्या दशकातच करून पाहिली होती, पण ती चालली नाही. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१च्या अखेरीस आली आणि चालली. मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन. १९५७ साली तारांची थरथर टिपणारा तिचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप आला आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. १९६५च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने ही कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. संग्राहकांच्या जगात त्या तारखेची जणू लक्ष्मणरेषा आहे. तिच्या आधीचं वाद्य म्हणजे सोनं. १९६४ची गिटार अगदी रेषेला लागून, पण आत.

सोनं वगैरे ठीक, पण आमचं सोनं पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेलं होतं. बँडच्या कोटांना शोभावी म्हणून कुणीतरी सरळ ब्रश मारला होता, अंगावरची पातळ पाटी, म्हणजे गार्ड, न काढता, त्याच्या कडेकडेने. जाड दोन तारा वाजत होत्या, पण फुसक्या. मानेला बाक आला होता. तारा पिळायच्या खुंट्या, ट्यूनर, फिरत नव्हते.

आधी नुसतं बघायचं. ही पायरी लोक भराभर उरकतात, मी तिच्यात रमतो. मानेचे चार स्क्रू सोडवले. पाठीमागच्या पत्र्यावरचा क्रमांक एल अक्षराने सुरू होणारा, म्हणजे १९६२ची अखेर ते १९६५ या दरम्यानचा. मानेच्या टाचेवर, म्हणजे अंगात बसणाऱ्या टोकावर, शाईचा शिक्का: सुरुवातीला ५ हा प्रिसिजनचा आकडा, मग मे ६४ आणि शेवटी सी. हे सी अक्षर मानेची रुंदी सांगतं, नटपाशी, म्हणजे डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपाशी, पावणेदोन इंच. आत व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर, कोरलेलं ३०४६४१२. यातला ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६४ साल, १२वा आठवडा. पॉट मार्चचा आणि मान मेमधली, हिशोब जुळला. पॉट आधी बनून कारखान्यात येऊन पडणार, मान नंतर. हेच उलटं निघालं असतं तर मी भुवया उंचावल्या असत्या. जुन्या गिटारी विकणारे एका अंगाला दुसऱ्याची मान लावून गिऱ्हाइकाला गंडवतात ते याच तारखा कुणी बघत नाही म्हणून.

मानेच्या खाचेत एक मजेची गोष्ट दिसली. त्या काळात रंग मारताना खाचेत एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवत आणि तिला धरून गिटार फवाऱ्यापुढे फिरवत. पट्टीखालच्या जागेवर रंग बसायचा नाही. त्या पट्टीची सावली खाचेत जशीच्या तशी होती आणि बाजूला पिवळा, मग लाल, मग जवळजवळ काळा असा मूळ सनबर्स्ट. अतिनील टॉर्च मारला तेव्हा जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळट हिरवं चमकलं. म्हणजे पांढऱ्या रंगाखाली कारखान्यातला रंग शाबूत होता. इथे मला खरा आनंद झाला.

मग गिटार पुन्हा बंद करून ठेवली आणि नकलेच्या मागे लागलो.

अंगाचं लाकूड मूळचं अल्डर. ते अमेरिकेत प्रशांत महासागराच्या बाजूला उगवतं, आपल्याकडच्या वखारीत मिळत नाही. तशाच वजनाचं, तितकंच मऊ आणि फारसं न वाकणारं लाकूड हवं होतं. मी थेट मिरजेला गेलो. तिथे तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी तूण वापरतात, आणि तूण हलकी, स्थिर, कापायला गोड. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे गल्लीत तेव्हा त्याचीच चर्चा. ज्या कारागिरांनी मला फळ्या निवडून दिल्या त्यांना मी काय बनवतोय ते चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं. "यात पोकळ काहीच नाही? मग आवाज येणार कुठून?" तारेखालच्या चुंबकातून, म्हटल्यावर ते हसले, पण फळी निवडताना मात्र प्रत्येक फळीला टिचकी मारून, कान लावून बघत होते. मी अडवलं नाही.

अखंड फळी मिळाली नाही याची खंत करायचं कारण नव्हतं. फुलर्टनच्या कारखान्यातही अंग दोन-तीन तुकडे चिकटवूनच करत. मूळ गिटारच्या कडेला नीट निरखलं की सांधे दिसतात. मूळ गिटार म्हणजे एकसंध, निवडक लाकडातलं शिल्प, असा एक भाबडा समज असतो. ती भराभर, सोयीने आणि स्वस्तात बनवता यावी अशी आखलेली वस्तू होती आणि त्यातच तिच्या कर्त्याची खरी हुशारी आहे. मान चार स्क्रूंनी लावलेली. बिघडली तर सोडवा, दुसरी लावा. सगळी वायरिंग एका गार्डवर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची अक्कल आहे ती.

मानेसाठी हार्ड मेपल लागतं. ते भिवंडीच्या एका गोदामात आयात केलेलं मिळालं. फिंगरबोर्डाला, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या फळीला, शिसवी. मूळ गिटारवर रोजवुड आहे. ब्राझीलच्या रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२पासून कडक बंदी आहे, आणि २०१७ साली त्या झाडाचं सगळं कूळच नियमांखाली आलं, आपल्या शिसवीसकट. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली. मला यातलं काहीच आडवं आलं नाही, कारण माझी शिसवी एका मोडक्या पलंगाच्या बाजूच्या फळीतून निघाली. दोन पिढ्या सुकलेली, काळीभोर, रंध्याला दाद न देणारी.

मान घडवताना जे कळलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचं होतं. १९६२च्या मध्यापर्यंत फेंडर फिंगरबोर्डाची जाड सपाट फळी लावत. त्यानंतर बोर्ड पातळ झाला आणि त्याची खालची बाजू गोलाईत आली, म्हणजे मेपलला वर फुगवटा आणि शिसवीला खाली तेवढीच खोल गोलाई. वरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, म्हणजे सुमारे १८४ मिमी. ही जोडी यंत्राशिवाय हाताने बसवायची म्हणजे खडू लावायचा, दाबायचा, जिथे खडू उमटेल तिथे खरवडायचं, पुन्हा दाबायचं. कंटाळा येतो. पण शेवटी बोर्डची कड हातात धरली तेव्हा लक्षात आलं, शिसवी किती पातळ उरते ते. फ्रेटची खाच जवळजवळ मेपलपर्यंत पोचते. बाक आलेली मान "बोर्ड रंधून सरळ करू" असं म्हणणारे कारागीर मला माहीत आहेत. या मानेवर रंधा मारला तर मधूनच मेपल डोकावायला लागेल. मूळ मानेबद्दलचा निर्णय तिथेच झाला. रंधायचं नाही. जो काही बाक काढायचा तो आतल्या सळईने.

ही सळई साडेचार-पाच मिमीची, साधी पोलादी, मानेच्या आत वक्र खाचेत बसवलेली, मध्यभागी खोल आणि टोकांना वर. टाचेकडची स्क्रूची नट आवळली की सळई ताणली जाते आणि सरळ व्हायला बघते, त्या जोराने मान तारांच्या ओढीविरुद्ध मागे येते. फेंडरच्या या मानेत ती नट अंगाच्या बाजूला दडलेली, त्यामुळे दर वेळी मान सोडवायची, पाव फेरा आवळायची, मान लावायची, तारा चढवायच्या, दुसऱ्या दिवशी बघायचं. वैतागवाणं काम. नकलेत मी हीच रचना ठेवली. सोय म्हणून नट डोक्याकडे आणता आली असती, पण मग मूळ सळई कुठे अडते ते मला कळलं नसतं. मूळ मानेची नट गंजून बसली होती. तिला तेलाचा थेंब देऊन, मान उभी ठेवून, रोज थोडी उलटसुलट हलवत सोडवली. सुटली तेव्हा बाकाचा मोठा भाग त्या नटनेच काढला. मान हिटरवर शेकायची वेळ आली नाही.

फ्रेटच्या जागा काढणं सोपं गणित आहे. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी. तिला १७.८१७ने भागलं की पहिला फ्रेट तारा टेकतात त्या नटपासून ४८.४७ मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. असे वीस फ्रेट. बारावा नेमका अर्ध्यावर, ४३१.८ला. मूळ गिटारशी ताडून पाहिलं तर नखाएवढाही फरक नव्हता. फ्रेट बसवण्याची फेंडरची तेव्हाची पद्धत मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वरून ठोकण्याऐवजी ते फ्रेट बाजूने खाचेत सरकवत. असा फ्रेट चिमट्याने वर उपटला तर त्याचे दाते शिसवीचे ढलपे घेऊन बाहेर येतात. तो आल्या वाटेनेच बाजूला सरकवून काढावा लागतो. बाजारात कितीतरी जुन्या माना अशा उपटण्याने जखमी झालेल्या दिसतात. मी नकलेत काही फ्रेट मुद्दाम बाजूने सरकवून बसवले आणि काढून पाहिले. मूळ फ्रेटमध्ये अजून पुरेशी उंची होती, त्यामुळे तिथे फक्त कानस आणि पॉलिश पेपर.

आता पिकअप. इथे माझा जीव सगळ्यात जास्त रमला, म्हणून थोडं लांबवतो.

प्रिसिजनच्या पिकअपचे दोन अर्धे. एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. प्रत्येकात अ‍ॅल्निको ५ या मिश्रधातूची चार चुंबकं, फायबरच्या दोन चकत्यांत ठोकलेली, आणि तार थेट त्या चुंबकांवरच गुंडाळलेली. मध्ये फार तर लॅकरचा एक थर. दोन्ही अर्ध्यांचे वेढे उलट दिशांना आणि चुंबकांचे ध्रुवही उलट. त्यामुळे तारांचा आवाज मिळून येतो आणि दिव्यांची, ट्रान्सफॉर्मरची घरघर एकमेकांना खाऊन टाकते. दोन्ही अर्धे एकापाठोपाठ जोडलेले, म्हणून एकाची तार तुटली की दोन्ही मुके व्हायला हवेत. अंकलच्या गिटारमध्ये मात्र बारीक तारा खणखणीत वाजत होत्या. कारण कुणीतरी मेलेल्या अर्ध्याला वळसा घालून वायर सरळ पुढे जोडली होती. जाड तारांचा जो फुसका आवाज येत होता तो शेजारच्या अर्ध्याला दुरून ऐकू येईल तेवढाच. असं बरीच वर्षं चाललं असणार. अंकल म्हणाले, "मला वाटलं माझे कान गेले."

मेलेल्या अर्ध्याचं कारण नेहमीचं. घाम आणि माहीमची खारी हवा. चुंबकात लोखंड असतंच, ते गंजतं, आणि चुंबकाला बिलगून बसलेले तारेचे पहिले वेढे आतून खाल्ले जातात. बाहेरून सगळं ठाकठीक, आत तार तुटलेली.

मूळ तार ४२ नंबरची, अमेरिकन गेज, जाडी ०.०६३ मिमी, डोक्याच्या केसासारखी. आपल्याकडे वाइंडिंगची तार ब्रिटिश गेजने विकतात. त्यातला जवळचा नंबर ४६, ०.०६१ मिमी. लोहार चाळीत एका दुकानदाराने रीळ काढून दिलं आणि कशाला हवं ते विचारलं. गिटारला म्हटल्यावर त्याला वाटलं मी तारा चढवणार. नकलेचा पिकअप मी या ४६ नंबरवर केला. तार एवढीशी बारीक झाली तरी तितक्याच लांबीचा विजेला होणारा विरोध सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वेढे सारखे ठेवले तर मीटरवरचा आकडा मूळपेक्षा जास्त येणार. आकड्याच्या मागे लागायचं की वेढ्यांच्या, हे आधी ठरवावं लागतं. मी वेढे धरले. आवाज प्रामुख्याने वेढ्यांवर आणि चुंबकावर ठरतो, विरोध ही नुसती मोजायला सोपी गोष्ट आहे.

गुंडाळायचं यंत्र म्हणजे जुन्या शिलाई मशीनची मोटर, तिचं पायडल, आणि चकतीवर एक छोटं चुंबक व स्विच लावून केलेला वेढे मोजणारा काउंटर. तार दोन बोटांत फेल्टच्या तुकड्यातून धरायची. घट्ट धरली तर तुटते, सैल सोडली तर वेटोळं फुगतं. प्रत्येक अर्ध्यात दहा हजारांच्या आसपास वेढे, आणि तेवढ्यात जवळपास एक किलोमीटर तार जाते. पंखा बंद, खिडकी बंद, घरच्यांना बोलायला मनाई.

फुलर्टनमध्येही तार हातानेच सरकवत, आणि हे काम बायका करत. अबिगेल इबारा १९५६पासून तिथे होत्या, पुढे त्यांनी गुंडाळलेल्या पिकअपना इतकी मागणी आली की त्यांची सही असलेला पिकअप वेगळ्या भावाने विकला जाऊ लागला. हाताने सरकवलेली तार दर वेळी वेगळी बसते, म्हणून त्या काळचे दोन पिकअप एकसारखे मोजत नाहीत. "साठच्या दशकातला अस्सल आकडा" म्हणून जी कोष्टकं फिरतात ती मी आता बाजूला ठेवतो. शिवाय तांब्याचा विरोध तापमानाने बदलतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी एकच पिकअप वेगळा आकडा दाखवेल.

हात बसल्यावरच मूळ अर्ध्याला हात लावला. त्यासाठी ४२ नंबरची साध्या एनॅमलची तार अमेरिकेतून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मागवली. जुन्या चकत्या आणि चुंबकं तीच. गंज हळूच खरवडला, चुंबकांना लॅकरचा हात दिला, होकायंत्र धरून ध्रुव तपासले, आणि जिवंत अर्ध्याच्या आकड्याशी ताडत गुंडाळलं. जिवंत अर्धा ५.३ किलोओम दाखवत होता, नवा गुंडाळलेला ५.४. दोन्ही एकाच दुपारी मोजलेले. जुनी तुटकी तार पुडीत बांधून अंकलना दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यापाशी ठेवलीय म्हणे, आंटींनी सांगितलं.

बाकीचं इलेक्ट्रिक काम पटकन सांगतो. पॉट खरखरत होते, क्लीनर मारून फिरवल्यावर बोलायला लागले. कपॅसिटर, कापडी आवरणाच्या वायरी, कारखान्यातलं सोल्डर, सगळं तसंच. फक्त तो घातलेला वळसा काढून जोडणी मूळ वाटेने केली. अंगाकडे तारा अडकवायच्या ब्रिजचे स्क्रू रॉकेलमध्ये बुडवून सोडवले. चकचकीत केले नाहीत.

गार्ड मात्र जपायला लागतो. त्या काळातलं कासवाच्या पाठीसारखं दिसणारं गार्ड सेल्युलॉइडचं, म्हणजे सेल्युलोज नायट्रेटचं, जुन्या सिनेमाच्या फिल्मची जी जात तीच. ते वर्षानुवर्षं आकसतं. स्क्रूची भोकं अंगावरच्या भोकांशी जुळेनाशी होतात, आणि जबरदस्तीने स्क्रू आवळला की भोकापासून चीर जाते. अंकलच्या गार्डला अशा दोन चिरा होत्या. आता दोन स्क्रू नुसते जागेवर उभे आहेत, आवळलेले नाहीत. शिवाय हा पदार्थ पेट घेतो, त्यामुळे सोल्डरिंग करताना गार्ड टेबलावर ठेवलंच नाही.

पांढरा रंग काढायचं काम मी थंडीत घेतलं. पेंट रिमूव्हर वापरायचा प्रश्नच नव्हता, तो ऑइल पेंटच्या आधी खालचं लॅकर वितळवेल. पण ज्याने ब्रश मारला त्याने खालचा पृष्ठभाग घासला नव्हता, गुळगुळीत लॅकरवरच रंग फासला होता. हे आमच्या पथ्यावर पडलं. हेअर ड्रायरने जागा कोमट करायची, जुन्या एटीएम कार्डाची कड तिरपी लावायची आणि हलकेच रेटायचं. पहिला ढलपा गार्डच्या कडेशी उठला, नखाएवढा, आणि खाली लाल रंग. तोही कसला लाल! साठच्या दशकातल्या सनबर्स्टमधला लाल उजेडात उडून जातो, कित्येक गिटारी आता नुसत्या पिवळ्या-तपकिरी दिसतात. इथे पांढऱ्या रंगाने ऊन अडवून तो राखून ठेवला होता. म्हणजे ज्या रंगाऱ्याला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो त्याचे उपकारच.

सगळीकडे असं झालं नाही. उजव्या हाताचं कोपर टेकतं तिथलं लॅकर अंकलच्या हाताने आधीच झिजून गेलं होतं, आणि तिथे पांढरा रंग थेट लाकडात मुरला होता. तो काढायचा तर लाकूड घासावं लागणार. तो डाग मी ठेवला. एका संग्राहकाने फोटो बघून मला फोन केला आणि सबंध अंग घासून नवा सनबर्स्ट मारायचा सल्ला दिला. त्याच माणसाला विकायला गेलात तर तो पहिला प्रश्न विचारेल, रंग मूळचा आहे का? पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते, हे तोच सांगेल. अंकलना विकायचीच नाही, ही गोष्ट तर त्याच्या हिशोबात बसेना.

नकलेचा रंग मी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकरने केला, फर्निचरवाले वापरतात तेच. पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतली वाफ ओल्या लॅकरमध्ये अडकते आणि वर पांढरट सावट येतं. लॅकर सावकाश सुकवणारं रिटार्डर थिनर घालून लोक वेळ मारून नेतात, मी दसऱ्याची वाट पाहिली.

ती तयार झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "हिला जुनी कर ना." म्हणजे ठोकून, घासून, चहापत्तीच्या पाण्याने पिवळी करून. फेंडर स्वतःच १९९५पासून अशा मुद्दाम झिजवलेल्या गिटारी विकतं, त्यामुळे हौस आहे हे मान्य. मला ती पटत नाही. अंकलच्या गिटारवरची झीज त्यांच्या कोपराची आहे, माझ्या पॉलिश पेपरची झीज कुणाची? शिवाय चांगली जमलेली नक्कल उद्या कुणाच्या हाती जाईल आणि तो तिला काय म्हणून विकेल, सांगता येत नाही. म्हणून मी डोक्याचा आकार बदलला, कंपनीचं नाव लावलं नाही, आणि मानेच्या टाचेवर व खाचेत अशा दोन्ही जागी माझं नाव आणि साल कोरलं. कायद्याचंही एक आहे. प्रिसिजनच्या अंगाच्या आकारावर ट्रेडमार्क मिळावा हा फेंडरचा अर्ज अमेरिकेत २००९ साली फेटाळला गेला, तो आकार कुणीही करू शकतो. नाव आणि डोक्याचा आकार मात्र त्यांचा.

शेवटी दोन्ही गिटारी माहीमला नेल्या. तारा दोन्हीला सपाट वेटोळ्याच्या, फ्लॅटवाउंड. अंकलना गोल वेटोळ्याच्या तारांचा चरचर आवाज खपत नाही. डेट्रॉइटचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या १९६२च्या प्रिसिजनवरच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे, हे ते मला दर भेटीत ऐकवतात, आणि ती गिटार १९८३ साली त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेली हेही. त्यांनी आधी मूळ गिटार घेतली, जाड तार नुसत्या अंगठ्याने छेडली आणि आंटींना हाक मारली. मग बराच वेळ एकच चार सुरांची फिरत वाजवत बसले. नक्कल नंतर घेतली. आवाज जवळचा आहे, पण तिचा वरचा सूर थोडा मऊ उमटतो. तूण की तार की नुसतं नवेपण, मला अजून नक्की लावता आलेलं नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्या त्यांच्या नातवाला तीनदा ओळखता आलं, चौथ्यांदा नाही.

आता मूळ गिटार घरातून बाहेर जात नाही. चर्चच्या कार्यक्रमांना आणि लग्नांना नक्कल जाते. पहिल्या महिन्यात तक्रार आली की हिची मान पहिल्या फ्रेटपाशी जाड लागते. मूळची तिथे त्यांच्या अंगठ्याने झिजलेली, मी माप घेतलं ते कारखान्याच्या आकाराचं. नकलेची मान खरवडून दिली, मिमीभर निघाली असेल. अंकल खूश. पंधरवड्याने पुन्हा फोन, आता जुनीच जाड वाटतेय, तिचीही तेवढीच काढून दे. मी साफ नाही म्हटलं. ते अजून अधूनमधून विचारून बघतात.